चौपाटीच्या पाण्यातले जीवाणू मोजताना : बाटलीपासून आकड्यापर्यंत

जुहूच्या पाण्याच्या एका नमुन्यात १०० मिलीमागे जीवाणूंचा आकडा शंभराच्या आसपास येतो, आठवड्याने त्याच जागेचा नमुना हजारांत जातो, आणि मग गटात वाद सुरू होतो की प्रयोगशाळा चुकली. बहुतेक वेळा ती चुकलेली नसते. पहिला नमुना भरतीचा असतो, दुसरा ओहोटीचा, आणि हे कुणी लिहूनच ठेवलेले नसते.

मुंबईत समुद्राच्या पाण्याचे नमुने घेणारे बरेच आहेत: कॉलेजांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, किनारा स्वच्छ करणारे गट, गणपतीनंतर ‘पाणी तपासून बघू’ म्हणणारी मंडळी. खर्च होतो, अहवाल येतो, आणि त्यातला आकडा कशालाच लावता येत नाही, कारण क्रम उलटा झालेला असतो. आधी बाटली भरली जाते, मग प्रयोगशाळा शोधली जाते आणि प्रश्न सगळ्यात शेवटी सुचतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमाने घ्या. मधला कुठलाही गाळू नका.

टप्पा १ : प्रश्न ठरवा

‘पाणी कसे आहे ते बघू’ हा प्रश्न नव्हे. चौपाटीवर तीन वेगळे प्रश्न असतात आणि प्रत्येकासाठी नमुना घ्यायची रीत वेगळी असते.

पहिला प्रश्न: लोकांनी इथे पाण्यात उतरावे का? याचे उत्तर हवे असेल तर लोक जिथे आणि जेव्हा उतरतात तिथलाच, तेव्हाचाच नमुना लागतो. जुहूला किंवा गिरगावला गर्दी संध्याकाळी असते. सकाळी साडेसहाला मोकळ्या किनाऱ्यावर घेतलेला नमुना संध्याकाळच्या पाण्याबद्दल फारसे सांगत नाही. ऊन मिठाच्या पाण्यातल्या विष्ठाजन्य जीवाणूंना मारते, त्यामुळे बाकी सगळे सारखे असेल तर पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्यापेक्षा जास्त येतो.

दुसरा: घाण येते कुठून? इथे नाल्याचे मुख, त्याच्या दोन्ही बाजू आणि दूरचा एखादा बिंदू, हे सगळे एकाच ओहोटीत, शक्यतो तासाभरात घ्यावे लागतात.

तिसरा: काही सुधारले का? म्हणजे मलनिःसारणाचे काम झाले, नाला वळवला, त्याचा परिणाम दिसतो का? यासाठी तीच जागा, भरती-ओहोटीची तीच वेळ, तोच हंगाम आणि कमीत कमी वर्षभराचा धीर लागतो.

एकाच नमुन्यातून तिन्ही उत्तरे काढायला गेलात तर हाती एकही लागत नाही.

मग कोणते जीवाणू मोजायचे ते ठरवा. आपल्याकडचे मानक फीकल कोलिफॉर्मचे, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जीवाणूंचे आहे, म्हणून मानकाशी तुलना करायची तर तेच मोजावे लागतात. पण खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतात. एन्टरोकोकाय हे आतड्यांतले दुसरे जीवाणू मिठाला जास्त तग धरतात आणि समुद्रात पोहणाऱ्यांच्या पोटाच्या आजारांशी त्यांचे नाते अधिक चांगले जुळते, म्हणून अमेरिका समुद्रासाठी तेच वापरते आणि युरोप त्यांच्या जोडीला ई. कोलाय मोजतो. पैसे असतील तर दोन्ही मोजा. एकच शक्य असेल तर फीकल कोलिफॉर्म घ्या आणि त्याची मर्यादा अहवालात लिहा.

> लक्षात ठेवा: हे दोन्ही सूचक जीवाणू आहेत. पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळली आहे, एवढे ते सांगतात. कावीळ पसरवणारे विषाणू किंवा समुद्रात मुळातच राहणारे व्हिब्रिओ जीवाणू या चाचणीत दिसत नाहीत. ‘कोलिफॉर्म कमी, म्हणजे उघडी जखम घेऊन पाण्यात उतरायला हरकत नाही’ असा अर्थ कुणी काढू नये.

टप्पा २ : समुद्रावर जाण्याआधी प्रयोगशाळा पक्की करा

हा टप्पा लोक चौथा-पाचवा ठेवतात. तो दुसरा हवा, कारण नमुना कधी घ्यायचा हे काही अंशी प्रयोगशाळेचे वेळापत्रक ठरवते.

नमुना घेतल्यापासून ६ तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा आणि पुढच्या २ तासांत तपासणीला लागायला हवा. गोराईहून नमुना घेऊन परळला जायचे तर फेरी, रस्ता, स्टेशन, लोकल हे सगळे धरून हिशेब करा. शिवाय चाचणी २४ तासांनी, काही पद्धतींत ४८ तासांनी वाचावी लागते. शनिवारी नमुना दिला तर रविवारी वाचणार कोण? सोमवार ते बुधवार हे सोयीचे दिवस.

फोनवर हे विचारा:

1. समुद्राच्या पाण्याची चाचणी करता का, की फक्त पिण्याच्या पाण्याची? एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असेल तर तिच्या यादीत समुद्राचे पाणी आहे का?
2. उत्तर आकड्यात देता, की ‘आहे / नाही’ असे?
3. किती पातळ्यांपर्यंत विरलन करता, म्हणजे नमुना पातळ करता? जास्तीत जास्त किती आकडा मोजता येतो?
4. फीकल कोलिफॉर्मसाठी ४४.५ अंशांचे वॉटर बाथ (तापमान स्थिर ठेवणारे पाण्याचे भांडे) आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पिण्याच्या पाण्याची सवय असलेल्या प्रयोगशाळा नमुना विरल न करता लावतात. पाच-पाच नळ्यांच्या नेहमीच्या एमपीएन पद्धतीत (किती नळ्यांत जीवाणू वाढले यावरून तक्त्यात सर्वाधिक संभाव्य आकडा पाहतात) १०, १ आणि ०.१ मिली घेतले आणि सगळ्या नळ्या होकारार्थी आल्या, की तक्ता ‘१६०० पेक्षा जास्त’ इथेच थांबतो. नाल्याच्या तोंडाशी खरा आकडा लाखात असला तरी अहवालात १६०० च दिसते. वर्षभर प्रत्येक महिन्याला १६०० आले म्हणून ‘प्रदूषण स्थिर आहे’ असा निष्कर्ष काढलेले प्रकल्प-अहवाल मी वाचले आहेत. त्या प्रकल्पांत तक्त्याची वरची कड मोजली गेली होती.

बाजारात मिळणारी, पाणी काळे झाले की दूषित असे सांगणारी हायड्रोजन सल्फाइडची कुपी इथे वापरू नका. ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे, आकडा देत नाही, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर ती जवळजवळ नेहमीच काळी होईल.

> थांबा, तपासा: नमुना स्वीकारण्याची शेवटची वेळ, तिथे नमुना स्वीकारणाऱ्या माणसाचे नाव आणि बाटल्या कोण देणार, ही तीन उत्तरे लेखी हातात आली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : जागा आणि वेळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

*जागा.* ‘जुहू’ ही जागा नव्हे. तो काही किलोमीटर लांब किनारा आहे आणि इर्ला नाल्याच्या तोंडाशी घेतलेले पाणी व तिथून किलोमीटरभरावरचे पाणी यांत मोठा फरक असतो. दादर ते माहीम पट्ट्यात पर्जन्य जलवाहिन्यांची पातमुखे, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी तोंडे, थेट वाळूवर उघडतात, पलीकडे मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. वर्सोव्याच्या उत्तर टोकाला मालाडची खाडी आहे. गिरगाव चौपाटी अर्धगोल खाचेत आहे, तिथले पाणी उघड्या किनाऱ्यासारखे पटकन बदलत नाही.

किमान तीन बिंदू ठरवा: पातमुखाजवळ एक, लोक उतरतात तिथे एक, आणि दोन्हींपासून दूर एक. प्रत्येकाचे मोबाइलवरून अक्षांश-रेखांश नोंदवा आणि जोडीला हलणार नाही अशी पक्की खूण घ्या, म्हणजे इमारत, जिना किंवा दिव्याचा खांब. भेळवाल्याची गाडी ही खूण होत नाही. या तीन बिंदूंची सरासरी काढून ‘चौपाटीचा आकडा’ कधीही बनवू नका. नाल्याचा आकडा तिन्हींना गिळून टाकतो.

*भरती-ओहोटी.* कोकणात तिथीवरून भरती काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. मुंबईच्या प्रत्यक्ष वेळा यापेक्षा अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतात, त्यामुळे नमुन्याच्या दिवशी छापील तक्ताच पाहा. (तक्ता बहुधा अपोलो बंदराचा असतो. गोराई-मनोरीला काही मिनिटांचा फरक पडतो.) पण नियोजनाच्या कामाला तिथीचा हिशेब पुरतो, आणि त्यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते.

समजा, तुमचा गट दर रविवारी सकाळी सातला नमुना घेतो. अमावास्येच्या आसपासच्या रविवारी त्या वेळी पाणी नुकतेच तळाशी जाऊन परतत असते. पुढच्या रविवारी अष्टमीच्या आसपास त्याच सातला पाणी भरतीला असते. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, सात दिवसांत जवळपास सहा तास. म्हणजे घड्याळ तेच ठेवले तरी समुद्र एकाआड एक उलटा मिळतो. आकडे वर-खाली, वर-खाली होतात आणि लोक त्यात रविवारची गर्दी, एखाद्या हॉटेलचे सांडपाणी, काहीही शोधतात.

ओहोटीला नाल्याचे आणि खाडीचे पाणी बाहेर पडून किनाऱ्याला लागते, भरतीला ते मागे दाबले जाते आणि उघड्या समुद्राचे पाणी त्यात मिसळते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ही ये-जा मोठी असते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, लहान.

यावर उपाय सोपा आहे. नमुने पंधरवड्याने घ्या. १४-१५ दिवसांनी त्याच वेळी भरती-ओहोटीची साधारण तीच स्थिती येते आणि उन्हाचीही वेळ तीच राहते. नाल्याचा शोध घ्यायचा असेल तर पूर्ण भरतीनंतर तीन ते पाच तासांची उतरती ओहोटी निवडा. पोहण्याचा प्रश्न असेल तर गर्दीची वेळ धरा, पण मग एका महिन्यात उधाणाचे आणि भांगाचे असे दोन्ही नमुने घ्या आणि तक्त्यात वेगळे ठेवा.

*पाऊस.* हवामान खात्याचा मुंबईतला पाऊस कुलाबा आणि सांताक्रूझ इथे मोजला जातो आणि तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरला जातो. म्हणजे ‘आज’च्या आकड्यात कालची रात्र असते. दादर-गिरगावसाठी कुलाबा, जुहू-वर्सोव्यासाठी सांताक्रूझ घ्या आणि मागच्या २४, ४८ व ७२ तासांचा पाऊस नोंदवा. पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले नमुने एका सरासरीत टाकू नका.

कोरड्या महिन्यांचा एक फायदा मात्र घ्या. पर्जन्य जलवाहिनी नावाप्रमाणे पावसाच्या पाण्यासाठी असते. फेब्रुवारीत, आकाश कोरडे असताना, तिच्यातून पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नक्कीच नाही. त्या दिवशीचा पातमुखाचा नमुना पावसाळ्यातल्या दहा नमुन्यांपेक्षा जास्त बोलतो.

> थांबा, तपासा: तारीख, तिथी, पूर्ण भरतीची वेळ, नमुन्याची वेळ आणि प्रयोगशाळेची शेवटची वेळ एका ओळीत लिहा. या पाचांचा मेळ बसत नसेल तर दिवस बदला.

टप्पा ४ : सामानाची तयारी, आदल्या दिवशी

निर्जंतुक, रुंद तोंडाच्या २५० किंवा ५०० मिलीच्या बाटल्या. पाण्याची रिकामी बिसलेरी उकळत्या पाण्याने धुऊन चालत नाही. प्रत्येक बिंदूला एक, दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागी, त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली), आणि एक कोरा नमुना, म्हणजे निर्जंतुक पाण्याची बाटली, जी तुम्ही किनाऱ्यावर नेऊन उघडता, बंद करता आणि बाकीच्यांबरोबर परत आणता. कोऱ्या नमुन्यात जीवाणू निघाले तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागतात. हे कुणाला आवडत नाही, म्हणून बहुतेक गट कोरा नमुना घेतच नाहीत.

खुणा बाटलीच्या अंगावर करा, झाकणावर नको. प्रयोगशाळेत पाच झाकणे एकत्र उघडली की कोणते कुणाचे हे कळत नाही. पाण्याने न पुसणारे पेन वापरा आणि लिहिण्याचे काम बाटली कोरडी असताना, घरीच उरका.

थर्मोकोलचा किंवा प्लास्टिकचा झाकणाचा डबा आणि जेलच्या गोठवलेल्या पिशव्या. बंदरावरून मासळीचा बर्फ घेऊ नका. तो वितळून बाटलीच्या झाकणापर्यंत चढतो आणि त्याचे स्वतःचे जीवाणू असतात. डब्यात साध्या पाण्याची एक छोटी बाटली थर्मामीटर घालून ठेवा. वाटेतले तापमान तिच्यावरून कळेल.

हातमोजे, सॅनिटायझर, नोंदवही, पेन्सिल, साधा थर्मामीटर. खारटपणा मोजणारे हातातले रिफ्रॅक्टोमीटर फार महाग नसते, ते जरूर घ्या. अरबी समुद्राचे उघडे पाणी हजारी ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास असते. तुमच्या बिंदूवर २० आले तर नाल्याचे किंवा खाडीचे गोडे पाणी तिथे पोहोचले आहे हे जीवाणूंचा निकाल यायच्या एक दिवस आधीच समजते.

ज्या सांडपाण्यात क्लोरीन टाकले जाते त्याच्या मुखाजवळ नमुना घ्यायचा असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालून द्यायला प्रयोगशाळेला सांगा. नाहीतर उरलेले क्लोरीन वाटेत जीवाणू मारत राहते आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसते.

टप्पा ५ : पाण्यात

> सावधान: एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात, लाल बावटा असताना किंवा जीवरक्षकाने मनाई केली असताना उतरू नका. अक्साचा किनारा शांत दिसला तरी तिथली ओढ वाईट आहे. अशा दिवशी लांब दांड्याला बाटली बांधून नमुना घ्या किंवा ‘नमुना घेतला नाही’ अशी नोंद करा. पायाला किंवा हाताला जखम असेल त्याने किनाऱ्यावर बसून नोंदी घ्याव्यात.

पावसाळ्यात ब्लू बॉटल हे जेलीफिशसारखे प्राणी किनाऱ्याला लागतात, वाळूवर पडलेल्यांचाही डंख बसतो. गिरगावला २०१३ च्या विसर्जनात पाकटांनी (शेपटीला विषारी काटा असलेल्या माशांनी) लोकांना जखमी केले होते. पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत पुढे न्या, पाकट आधीच बाजूला होते.

आता क्रम:

1. सगळ्यात स्वच्छ वाटणाऱ्या बिंदूपासून सुरुवात करा, पातमुख शेवटी. हातमोजे प्रत्येक बिंदूला बदला.
2. गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात जा. खोली एकदा ठरवली की ती बदलू नका. घोट्याएवढ्या पाण्यात लाटेबरोबर वाळू उठते आणि वाळूत जीवाणू साठून असतात, त्यामुळे तिथला आकडा बहुधा जास्त येतो. लहान मुले तिथेच खेळतात म्हणून तो मुद्दाम मोजायचा असेल तर वेगळा बिंदू म्हणून मोजा.
3. उभे राहा. पायांनी उठवलेला गाळ खाली बसू द्या किंवा प्रवाहाने पुढे जाऊ द्या. पाणी ज्या बाजूने येत आहे तिकडे तोंड करा.
4. झाकण काढा. त्याची आतली बाजू खाली ठेवून हातात धरा. खिशात नको, दातात तर नकोच.
5. बाटली आतून विसळू नका. रसायनशास्त्राच्या नमुन्याला तीनदा विसळायची सवय असलेले विद्यार्थी इथे हमखास चुकतात. निर्जंतुक बाटली एकदाच भरायची असते.
6. बाटलीचा बूड धरून तोंड खाली करून सरळ आत घाला. गुडघाभर पाण्यात १५ ते २० सेंटिमीटर, कमरेएवढ्या पाण्यात ३० सेंटिमीटर. तिथे तोंड प्रवाहाकडे वळवा आणि हातापासून दूर, पुढे सरकवत भरा. तोंड वर ठेवून बुडवली तर पृष्ठभागावरचा तवंग आधी आत जातो.
7. वर काढा, थोडे पाणी ओतून वर अडीच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. प्रयोगशाळेत बाटली हलवून मिसळायची असते, काठोकाठ भरलेली हलत नाही.
8. झाकण घट्ट लावा, लगेच डब्यात ठेवा. नंतर तापमान आणि खारटपणा मोजा, कधीही आधी नाही.

नोंदी बाहेर येताक्षणी करा: घड्याळाची नेमकी वेळ, भरती की ओहोटी, लाटा, वारा कुठून, पाण्याचा रंग, तवंग, कचरा, जवळपास कुत्री, घोडे किंवा पक्ष्यांचे थवे, आणि साधारण किती माणसे पाण्यात होती. जनावरांची नोंद गंमत म्हणून नाही. त्यांच्या विष्ठेनेही हेच आकडे चढतात.

> थांबा, तपासा: किनारा सोडण्यापूर्वी बाटल्या मोजा. कोरा नमुना उघडला का? जोडनमुना घेतला का? गाडीत आठवले तर उशीर झालेला असतो.

टप्पा ६ : वाहतूक

१० अंशांच्या खाली, पण गोठू न देता, अंधारात, उभ्या बाटल्या. मुंबईच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबा नसताना ठेवलेल्या बाटलीत जीवाणू वाढूही शकतात आणि मरूही शकतात, आणि कोणते झाले ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेत देताना साध्या पाण्याच्या बाटलीतले तापमान आणि वेळ दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून घ्या. ६ तास उलटले असतील तर नमुना चालवून घेऊ नका.

टप्पा ७ : प्रयोगशाळेत

कॉलेजात स्वतः करणाऱ्यांसाठी हा टप्पा. बाहेर देणाऱ्यांनीही वाचावा, म्हणजे काय विचारायचे ते कळेल. घरात मात्र कुणी हे करू नये. एका बशीत वाढवलेले जीवाणू मूळ पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतात.

पद्धत निवडताना गढूळपणा पाहा. पावसाळ्यात मुंबईचे पाणी इतके गाळाचे असते की जीवाणू अडवून धरणारा ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लगेच तुंबतो. तेव्हा नळ्यांची एमपीएन पद्धत बरी. कोरड्या महिन्यांत फिल्टर पद्धत सुटसुटीत. पण वर्षाच्या मध्ये पद्धत बदलणार असाल तर काही नमुने दोन्हींनी करून जुळवून घ्या.

*विरलन.* फिल्टरवर २० ते ६० वसाहती (जीवाणू वाढून दिसणारे ठिपके) मोजण्याजोग्या. त्या आधी कुठे मिळतील हे माहीत नसते, म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक नमुन्याचे १०, १, ०.१ आणि ०.०१ मिली लावा. १० मिलीपेक्षा कमी नमुना असेल तर फनेलमध्ये आधी निर्जंतुक बफर (विरलनाचे द्रावण) घाला, नाहीतर सगळ्या वसाहती एकाच कोपऱ्यात उगवतात. १ मिलीच्या बशीत ३४ निळ्या वसाहती आल्या तर १०० मिलीत ३४००. हा गुणाकार विसरून ‘३४’ लिहिलेले अहवाल दुर्मीळ नाहीत.

*तापमान.* फीकल कोलिफॉर्मसाठी ४४.५ अंश, चढउतार फक्त ०.२ चा. साधा हवेचा इनक्युबेटर दार उघडताच अंशभर खाली येतो आणि मग आतड्यांबाहेरचे कोलिफॉर्मही वाढतात. बशी पाणबंद पिशवीत घालून वॉटर बाथमध्ये ठेवा. एन्टरोकोकायच्या एमईआय माध्यमाला (जीवाणू वाढवायच्या खाद्याला) ४१ अंश आणि २४ तास. निळे वलय असलेल्या वसाहती मोजायच्या.

तयार माध्यमाच्या ट्रे वापरत असाल तर समुद्राचे पाणी किमान दहापट विरल करा. मीठ आणि समुद्री जीवाणू खोटे होकार देतात. दहाने गुणायलाही विसरू नका.

*तुलनेचे नमुने.* प्रत्येक खेपेला एक माहीत असलेला होकारार्थी जीवाणू, एक नकारार्थी आणि एक कोरे माध्यम. हे तिन्ही हवे तसे आले नाहीत तर निकाल बाद.

टाकाऊ बश्या व नळ्या १२१ अंशांवर किमान ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करूनच) फेका.

टप्पा ८ : आकडा वाचणे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने समुद्राच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. आंघोळ आणि पाण्यातले खेळ ‘एसडब्ल्यू-२’ मध्ये येतात. त्यात फीकल कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलीत १०० एमपीएन आहे. सोबतच्या टीपेनुसार वर्षातल्या २० टक्के नमुन्यांत आणि पावसाळ्यातल्या सलग ३ नमुन्यांत सरासरी २०० च्या वर जाता कामा नये.

इथली नेहमीची गफलत म्हणजे नदीचे मानक समुद्राला लावणे. नदीत आंघोळीसाठी ५०० इष्ट आणि २५०० कमाल धरतात. जुहूचे १८०० घेऊन ‘२५०० च्या आत आहे’ म्हणणारा मर्यादेच्या अठरापट पाण्याला पास करत असतो.

दुसरी गफलत सूचकांची. अमेरिकेतला ३५ हा आकडा एन्टरोकोकायच्या गुणोत्तर मध्याचा (तो कसा काढतात ते खाली आहे) आहे, तुमच्या फीकल कोलिफॉर्मला तो लागू होत नाही. युरोपात किनाऱ्याच्या ‘उत्तम’ दर्जासाठी एन्टरोकोकाय १०० आणि ई. कोलाय २५० अशी मर्यादा आहे, पण ती अनेक नमुन्यांच्या ९५ व्या शतमकावर (शंभरातले ९५ नमुने ज्याच्या खाली येतात त्या आकड्यावर) तपासतात, एका बाटलीवर नाही.

तिसरी सरासरीची. समजा पाच नमुने ४०, ९०, ६०, ४०००, ११० आले. साधी सरासरी ८६०, जी पाचांपैकी कुणासारखीच नाही. गुणोत्तर मध्य, म्हणजे पाचांच्या गुणाकाराचे पाचवे मूळ, सुमारे १५७. जीवाणूंच्या आकड्यांना हाच वापरतात. पण ४००० ला त्यात बुडवून टाकू नका. तो वेगळा लिहा आणि त्या दिवशीची भरती, पाऊस, खारटपणा शेजारी मांडा. ‘शून्य’ आले तर शून्य न लिहिता मोजता येणाऱ्या किमान आकड्यापेक्षा कमी असे लिहा, आणि गणितात त्याचे काय करणार हे आधीच ठरवून ठेवा.

पाच नळ्यांच्या एमपीएनमध्ये अनिश्चितता मोठी असते. १०० लिहिलेला नमुना सुमारे ३० ते ३०० च्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. म्हणून ९० आणि १३० यांत फरक शोधू नका. ९० आणि ९००० यांत शोधा.

निकाल येतो तेव्हा ते पाणी निघून गेलेले असते. ‘जुहू सुरक्षित’ किंवा ‘जुहू असुरक्षित’ असा मथळा एका नमुन्यावर देऊ नका. बिंदू, तारीख, वेळ, भरतीची अवस्था आणि मागच्या ४८ तासांचा पाऊस आकड्याच्या शेजारी त्याच ओळीत छापा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मुंबईतल्या काही किनाऱ्यांचे आकडे प्रसिद्ध करते, ते शेजारी ठेवून पाहा, पण त्यांचा बिंदू आणि वेळ वेगळी असेल तर जुळले नाहीत म्हणून घाबरू नका. कोरड्या महिन्यांत एकाच पातमुखापाशी सलग तीन-चार वेळा हजारांत आकडे आले, तर मूळ नोंदींसह पालिकेच्या विभाग कार्यालयाला आणि मंडळाला लिहा. फोटो आणि पातमुखाची खूण जोडा.

विसर्जनाच्या नमुन्यांबद्दल वेगळे

हे सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात बिघडलेले काम. आदल्या दिवशी एक, नंतर एक, अशा दोन बाटल्यांवर निष्कर्ष काढले जातात.

चतुर्थीची भरती आणि अनंत चतुर्दशीची भरती एकसारखी नसते. चतुर्दशी पौर्णिमेला लागून, म्हणजे उधाणाचे दिवस. तिच्याशी तुलना करायला तशाच भरतीचा दिवस हवा: श्रावणातली वद्य चतुर्दशी, पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवसाची. त्याच बिंदूवर, त्याच वेळी. मग विसर्जनाचा दुसरा दिवस, आणि पंधरवड्यानंतरच्या वद्य चतुर्दशीचा एक. पाऊस तिन्ही वेळी वेगळा असणार, तो नोंदवा. विसर्जन नसलेला एक किनाराही त्याच दिवशी घ्या, म्हणजे पावसाने वाढलेले आणि विसर्जनाने वाढलेले यांत काही फरक करता येईल. हजारो पाय वाळू ढवळतात, तिच्यातले जीवाणू पाण्यात येतात, आणि वाढीचा काही भाग तेवढ्यानेच येऊ शकतो. मूर्तीच्या रंगांचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी जड धातूंची चाचणी लागते, तिच्या बाटल्या वेगळ्या असतात आणि कोलिफॉर्मच्या आकड्यातून तिचे उत्तर मिळत नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडी आहे का, हे श्रावणातच विचारून ठेवा.